संकटात गाव तगते ते कशावर

प्रश्न गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या नदीकाठच्या एका पंचायतीच्या तरुण पंचांनी विचारला आहे. थोडक्यात असा: आपत्ती निवारणासाठी पंचायतीकडे थोडे पैसे आहेत. त्यांना स्वतःला बोट, दोर आणि सायरन घ्यावा असे वाटते. गावातल्या काही ज्येष्ठांचे म्हणणे, त्यातले निम्मे पैसे वाड्यावाड्यांवरच्या कार्यक्रमांना द्या. माणसे एकत्र आली, आनंदात राहिली, तर पुरातही एकमेकांना धरून राहतील. "सुखी आणि परस्परांवर विश्वास असलेले समाज संकटात जास्त टिकतात असे अभ्यास सांगतात म्हणे. यात तथ्य किती?" असे ते विचारतात.

तथ्य पुष्कळ आहे. मी सत्तरी, डिचोली, सांगे भागात पंचायतींबरोबर पूर-वादळाच्या तयारीचे काम बरीच वर्षे करते. खाणी बंद पडल्या त्या काळात ट्रकमालकांच्या, ड्रायव्हरांच्या घरी जाऊन बसलेली आहे. जे पाहिले आणि जे वाचले त्यावरून माझे एक मत पक्के झाले आहे: संकटात माणसाला तारते ती 'मी हाक मारली तर कुणीतरी येईल' ही खात्री. अशी खात्री असलेला माणूस एरवीही जास्त समाधानी असतो. पण ती पुराच्या दिवशी तयार करता येत नाही, आधीच्या साध्या व्यवहारांतून साठलेली असावी लागते. नुसत्या आनंदाच्या कार्यक्रमांतून ती साठेलच असे नाही, आणि इथे तुमच्या ज्येष्ठांशी माझा थोडा मतभेद आहे.

सुखाची मोजणी कशी होते ते आधी सांगते, कारण 'सुखी देश' म्हटले की डोळ्यांसमोर हसरे चेहरे येतात. २०१२पासून जागतिक आनंद अहवाल निघतो. त्यासाठी माणसाला विचारतात, की शून्य ते दहा पायऱ्यांची एक शिडी समजा. सगळ्यात वर तुमच्या दृष्टीने उत्तमातले उत्तम आयुष्य, सगळ्यात खाली वाईटातले वाईट. आज तुम्ही कुठल्या पायरीवर उभे आहात? २०१८पासून या यादीत फिनलंड पहिला येतो. २०२५च्या अहवालात १४७ देशांत भारत ११८वा होता. देशादेशांत एवढे अंतर का पडते हे समजून घ्यायला अभ्यासक दरडोई उत्पन्न, निरोगी आयुर्मान, आयुष्याचे निर्णय स्वतः घेण्याची मोकळीक, दानत, भ्रष्टाचाराबद्दल लोकांना काय वाटते, हे सगळे पाहतात. आणि आणखी एक साधा प्रश्न पाहतात, ज्याचे उत्तर हो किंवा नाही एवढेच: तुम्ही अडचणीत सापडलात तर हक्काने हाक मारावी असे नातेवाईक किंवा मित्र तुम्हाला आहेत का?

म्हणजे सुखाच्या हिशेबातच संकटाचा प्रश्न बसलेला आहे. ज्याचे उत्तर 'हो' आहे तो एरवी शिडीवर वर असतो, आणि नदी चढू लागली की त्याच्याच दारावर कुणीतरी थाप मारते.

हे जवळून कसे दिसते ते सांगते. २०२१च्या २३ जुलैला म्हादई आणि तिला मिळणाऱ्या नद्यांना जो पूर आला, तो १९८२नंतरचा सर्वांत मोठा असे मुख्यमंत्र्यांनी त्या वेळी सांगितले होते. सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा या भागांत शेकडो घरांची पडझड झाली. सत्तरीतल्या एका गावात पहाटेपासून वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. दूध सोसायटीच्या केंद्रावर वरच्या वाड्यातले कॅन नेहमीच्या वेळी आले. सेक्रेटरी वहीत नावांपुढे लिटर लिहीत होता. दोन नावे रिकामी राहिली. त्यातले एक घर ओहळापलीकडचे. नवरा-बायको दोघेच, साठी उलटलेली, मुलगा वास्कोला नोकरीला. पावसामुळे उशीर झाला असेल असे कुणीही म्हटले असते. सेक्रेटरी म्हणाला, "ताप अंगात घेऊनसुद्धा दूध घालायला येणारा माणूस तो. बघून या." चार जण दोर घेऊन गेले. घरात कमरेएवढे पाणी, दोघे माळ्यावर चढून बसलेले, गुरांची दावी आधीच सोडलेली. अग्निशमन दलाच्या जवानांना त्या दिवशी चहूकडून बोलावणी होती. त्यांना तिथे पोचायला दुपार झाली, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

या घटनेत वाचवणारी गोष्ट कोणती? वही होतीच, दोर होता. पण वहीतली रिकामी जागा दिसल्यावर तिचा अर्थ लावणारा माणूस होता, कारण तो त्या म्हाताऱ्याला रोज सकाळी बघत होता. आणि 'हे आपले काम आहे का' असे न विचारता निघालेले चौघे होते. पुढचे तर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हातारी घर सोडायला तयार नव्हती. पुराच्या वेळी माणसे घर सोडत नाहीत ती बहुतेकदा धोका कळत नाही म्हणून नव्हे. मागे गुरांचे, भाताच्या कणगीचे, कपाटाचे काय होईल ही चिंता असते. त्या चौघांपैकी एकाने सांगितले, "गुरे मी बघतो, तुम्ही चला." त्या एका वाक्यावर ती निघाली. तेच वाक्य एखाद्या अनोळखी अधिकाऱ्याने सांगितले असते तर ती निघाली नसती असे मला खात्रीने वाटते.

जगभरात हेच दिसले आहे. जपानमधल्या कोबे शहरात १७ जानेवारी १९९५च्या पहाटे भूकंप झाला, सहा हजारांवर माणसे गेली. ढिगाऱ्याखालून जी जिवंत निघाली त्यातली बहुतेक घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढली. यंत्रणा नंतर पोचल्या. त्याच शहरात मानो नावाची एक जुनी कामगार वस्ती आहे. भूकंपानंतर आगी लागल्या तेव्हा तिथल्या रहिवाशांनी रांगा लावून हातोहात बादल्या पोचवल्या आणि आग आटोक्यात आणली. दुसऱ्या काही वस्त्यांतली माणसे मात्र अग्निशमन दलाची वाट पाहत घरे जळताना बघत राहिली. मानोतल्या लोकांना हे कुणी शिकवले? १९६०च्या दशकात ते कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध एकत्र लढले होते, आणि तेव्हापासून वस्तीची कामे मिळून करायची त्यांना सवय होती. डॅनियल ऑल्ड्रिच या अभ्यासकाने कोबे, तामिळनाडूतली त्सुनामी, न्यू ऑर्लीन्सचा पूर असे अनेक प्रसंग तपासले. कुठली वस्ती लवकर सावरते हे सांगताना पैसा आणि नुकसानीचा आकार यांच्याइतकीच, कधी त्यांहून जास्त, माणसांची आपसातली जोडणी मोलाची ठरते, असे त्यांना आढळले.

कोबेचा भूकंप झाला त्याच वर्षी, १९९५च्या जुलैत, अमेरिकेतल्या शिकागो शहरात उष्णतेची लाट आली आणि एरवीपेक्षा ७३९ माणसे जास्त मेली. तिथल्या दोन वस्त्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल, एकमेकींना लागून आहेत. दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकटी राहणारी वृद्ध माणसे. पण पहिलीत मृत्यूचे प्रमाण दुसरीच्या सुमारे दहापट होते. दुसऱ्या वस्तीत रस्त्याला दुकाने होती, वर्दळ होती, म्हाताऱ्यांना घराबाहेर पडायला कारण होते. पहिलीतले कारखाने आणि दुकाने गेली होती, रस्ते ओस पडले होते, माणसे भीतीने दार लावून बसत. उकाड्यात दार उघडायचीही त्यांना भीती वाटली. पर्वरीतल्या, दाबोळीतल्या नव्या इमारतींतून जाते तेव्हा मला ही गोष्ट आठवते. समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहते हे ठाऊक नसलेली शेकडो कुटुंबे आता गोव्यातही आहेत, आणि आपत्तीच्या बैठकांना बोलावले जाते ते मात्र अजून गावातल्या जुन्या घरांनाच.

आता आपल्याच मातीतले उदाहरण, कारण विश्वास ही गोड बोलण्याची बाब नसून व्यवस्थेची बाब आहे हे मला खाजन जमिनींनी शिकवले. गोव्यात सुमारे साडेसतरा-अठरा हजार हेक्टर खाजन आहे. भरतीचे खारे पाणी अडवण्यासाठी चिखल, पेंढा आणि जांभ्या दगडाचे बांध घातले, पाण्याची ये-जा सांभाळायला लाकडी दारांची मानस बसवली, आणि समुद्रसपाटीच्या खाली भात पिकवले. दिवाडी, चोडणपासून मयेपर्यंत ही शेती पिढ्यान् पिढ्या चालली. तिचा स्वभावच असा, की बांधाला एका ठिकाणी भगदाड पडले तर सगळ्यांच्या शेतात खारे पाणी शिरते आणि पुढची काही वर्षे तिथे भात नीट होत नाही. म्हणून बांध कुणाच्या शेताला लागून फुटला हे न बघता सगळ्यांनी धावायचे. त्यासाठी गावकरी संस्था होती, म्हणजेच पुढे कोमुनिदाद. बांधावर लक्ष ठेवणारी माणसे ठरलेली होती, खर्चाची वाटणी ठरलेली होती, हयगय करणाऱ्याला दंड होता.

या व्यवस्थेला मी सोन्याने मढवणार नाही. कोमुनिदादीत बायकांना स्थान नव्हते, राबणाऱ्या कुळांचा आवाज नव्हता, जातीची उतरंड पक्की होती. कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाला हा न्यायच झाला. बांधाची देखभाल कुळांच्या संघटनांकडे आली, पण जुनी शिस्त तिच्यासोबत आली नाही. शेती परवडेनाशी झाली, शेतकरी नोकरीला लागला. मानसीतल्या मासळीचा लिलाव चढत गेला. दार शेतीच्या वेळापत्रकाने उघडायचे की मासळीच्या, यावरून गावोगाव भांडणे आहेत. शेतकऱ्याला वाटते की ठेकेदार मुद्दाम खारे पाणी आत घेतो. ठेकेदार म्हणतो, शेती करतोय कोण? एकदा ही शंका बसली, की बांधाला चिमुकली गळती दिसली तरी माणूस बघून पुढे जातो. 'मीच का?' असे त्याला वाटते. समुद्राची पातळी वाढते आहे, पाऊस लहरी झाला आहे, अशा काळात गोव्याच्या सखल भागाला सगळ्यात मोठा धोका कुठला असे कुणी विचारले तर मी म्हणेन, बांधाकडे बघून पुढे जाणारा तो माणूस. त्याच्या मनातली शंका निघाली, तर बांधाच्या डागडुजीवर खर्च होणारा सरकारी पैसाही कामी येईल.

विश्वासाची दुसरी बाजू सांगितली नाही तर उत्तर अर्धे राहील. घट्ट बांधलेला गाव बाहेरच्याला दार लावूनही घेतो. २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये गोव्यातल्या कित्येक गावांनी वेशीवर झाडे आडवी टाकली. आतल्या लोकांनी एकमेकांना भाजी-तांदूळ पोचवले, पदेर म्हणजे पाववाला वाड्यावर पाव देऊन जात होता, आजाऱ्यांना औषधे आणून दिली गेली. १९ एप्रिलला राज्यातले सातही कोरोना रुग्ण बरे झालेले होते आणि सगळ्यांना हायसे वाटले. पण त्याच गावांत भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या गवंडी, हेल्पर, हॉटेल कामगारांच्या घरी चूल पेटते का हे बघायचे कुणाला सुचले आणि कुणाला नाही, यावरून गावागावांतला फरक कळला. जूनच्या सुरुवातीला वास्कोच्या मांगोर हिलवर साथ पसरली. तिथल्या कामगारांनी मला सांगितलेले अजून डोक्यातून जात नाही: पत्ता सांगितला की काम मिळेना, म्हणून माणसे पत्ता लपवू लागली, मग ताप लपवू लागली. ज्याला वाळीत टाकण्याची भीती असते तो आजार सांगत नाही, आणि न सांगितलेला आजार सगळ्यांच्या घरात जातो.

म्हणून जोडणी एका जातीची, एका वाड्याची, एका धर्माची असून भागत नाही. चवथीला नेवऱ्या शेजारच्या ख्रिस्ती घरात जातात, नाताळाला तिकडून दोदोल ही मिठाई येते, हे चांगलेच आहे आणि ते टिकावे. पण मला गावाची खरी परीक्षा वाटते ती अशी: तुमच्या घराची जादा चावी कुणाकडे असते? आणि ती कधी तुमच्या नात्याबाहेरच्या, जातीबाहेरच्या माणसाकडे असते का? २०१८च्या पुरात केरळमधल्या मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवल्या आणि समुद्रापासून लांबच्या गावांत नेऊन हजारो माणसे बाहेर काढली. वाचवलेल्या माणसांपैकी बहुतेक जण त्या मच्छीमारांना आधी कधी भेटलेले नव्हते.

आपसातली एक, परक्यांशी असलेली दुसरी, आणि तिसरी जोडणी लोक आणि सरकार यांच्यातली. २०२२मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात कोरोनाच्या साथीबद्दल १७७ देश-प्रदेशांचा अभ्यास आला. साथीच्या तयारीचे जे आंतरराष्ट्रीय गुणांकन होते, त्यात आधी अमेरिका पहिली आणि ब्रिटन दुसरा होता. त्या गुणांचा प्रत्यक्ष संसर्ग किंवा मृत्यू कमी होण्याशी मेळ बसला नाही. मेळ बसला तो लोकांचा सरकारवर आणि एकमेकांवर किती विश्वास आहे याच्याशी. जिथे तो जास्त तिथे संसर्ग कमी आणि लसीकरण चांगले.

तुमच्यासाठी याचा अर्थ अगदी व्यवहाराचा आहे. तिळारी धरणाचे पाणी सोडले की पेडणे आणि डिचोलीतल्या नदीकाठाला धोका असतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये तो सगळ्यांनी अनुभवला. अशा गावात इशारा देणे हे नाजूक काम आहे. इशारा दिला आणि पाणी आले नाही, असे एक-दोनदा झाले तर पुढच्या वेळी लोक चहाचा कप खाली ठेवत नाहीत. उपाय इशारे कमी करणे हा नव्हे. पाणी आले नाही तर दुसऱ्या दिवशी पंचाने स्वतः वाड्यावर जावे आणि सांगावे, की काल इतके पाणी सोडणार होते, अमुक कारणाने सोडले नाही, म्हणून आले नाही. पाच मिनिटांचे काम आहे. पण त्यामुळे लोकांना कळते, की आपल्याला सांगणारा माणूस खरे सांगतो, चुकीचे ठरले तरी तोंड लपवत नाही. सायरनमागे असा माणूस नसेल तर लोक तो ऐकतात आणि जागचे हलत नाहीत.

एकाएकी येणाऱ्या संकटापेक्षा हळूहळू पोखरणारे संकट मला जास्त अवघड वाटते. २०१२च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा घालून परवानगी दिली. २०१८च्या फेब्रुवारीत ८८ लीज रद्द झाल्या आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सारे ठप्प. खाणीने नद्या, शेते, झरे यांचे काय केले हे मी जवळून पाहिले आहे, त्यामुळे त्या निकालांबद्दल मी वाद घालत नाही. मी बोलते आहे ते खाणीच्या वाहतुकीसाठी कर्ज काढून ट्रक घेतलेल्या घरांबद्दल. पूर आला तेव्हा सगळ्यांचे एकदम गेले आणि सगळे एकत्र चिखल काढायला उतरले. खाण बंद झाली तेव्हा कुणाला कर्जात सवलत मिळाली, कुणाला नाही; कुणाला आधीच्या जमिनीची भरपाई मिळालेली होती; कुणाचा भाऊ आंदोलनात, तर कुणाचा खाण बंद व्हावी म्हणणाऱ्यांत. माणसे एकमेकांच्या घरचा हिशेब करू लागली. आधी तिठ्यावर चहाला थांबणारे थांबेनासे झाले. एका घरी त्या वर्षी चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळा-पानांची मांडणी, बांधली होती, पण नेहमी येणाऱ्या भजनी मंडळींना बोलावलेच नव्हते; "त्यांना काय वाढायचे?" असे त्या घरची बाई मला म्हणाली. बेकारीचा घाव उत्पन्न गेल्याने होतो त्याहून खोल असतो, हे सुखाच्या अभ्यासकांनी वारंवार मांडले आहे. पगार जातो तेवढ्याने शिडीवरून माणूस जितका खाली यावा त्याहून पुष्कळ खाली येतो, कारण मान जातो, रोजचा क्रम जातो, भेटणारी माणसे जातात.

आइसलँडच्या तीन मोठ्या बँका २००८च्या ऑक्टोबरमध्ये आठवडाभरात कोसळल्या. देशाचे कंबरडे मोडले, तरी लोकांचे समाधान अगदी थोडे घसरले. ग्रीसमध्ये आर्थिक घसरणीबरोबर सुखही फार खाली गेले. दोन्हीकडे परिस्थिती एकसारखी नव्हती. पण आपत्तीचा भार सगळे वाटून घेत आहेत असे वाटणे आणि दुसऱ्याने आपल्याला फसवले असे वाटणे, यात मोठा फरक आहे असे आनंद अहवालाच्या अभ्यासकांनीही मांडले आहे, आणि खाणपट्ट्यात मी पाहिले ते त्याला धरूनच होते. जी घरे त्या काळात तुलनेने उभी राहिली, तिथे बायकांचा बचत गट चालू होता. पापड-लोणच्याने ट्रकचा हप्ता फिटत नव्हता. पण दर आठवड्याला दहा-बारा बायका एका ओसरीवर बसत होत्या, कुणाच्या घरात काय चालले आहे ते कळत होते, आणि नवरा बोलेनासा झाला आहे हे सांगायला एक जागा होती.

आनंद म्हणजे चैन, संकटात त्याचे काय काम, असेही काही जण म्हणतील. अमेरिकेतल्या काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची मानसिक चिवटता २००१च्या सुरुवातीला मोजलेली होती. त्या वर्षीच्या ११ सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यानंतर बार्बरा फ्रेडरिक्सन या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना पुन्हा गाठले. जे सावरले त्यांनाही दुःख आणि भीती होतीच, पण सोबत कृतज्ञता, जवळच्यांबद्दल प्रेम, काही जाणून घ्यायची ओढ अशा भावनाही होत्या, आणि नैराश्यापासून त्यांना वाचवण्यात या भावनांचा वाटा होता. २०२१मध्ये, महामारी ऐन भरात असताना, अनोळखी माणसाला मदत, दान, स्वयंसेवा यांचे जगभरातले प्रमाण साथीच्या आधीपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने वाढले, असे आनंद अहवालात नोंदले आहे. मदत करणाऱ्यालाही त्यातून बळ मिळते. पूरग्रस्ताला नुसते घेणारा बनवू नका, त्याच्याही हाती काम द्या, असे मी प्रत्येक बैठकीत सांगते ते यासाठी.

बैठकीत मी आणखी एक गोष्ट करते, ती तुम्हीही करून बघा. विचारते, "परक्या वाड्यातले कुटुंब रात्री दारात आले तर किती जण घरात घ्याल?" जवळजवळ सगळे हात वर होतात. मग विचारते, "तुमच्या शेजाऱ्यांपैकी किती जण घेतील असे वाटते?" हात खाली येतात, आणि मग माणसे एकमेकांकडे बघू लागतात. जगातही तसेच आहे. ४० देशांतल्या ३५५ शहरांत सतरा हजारांवर पाकिटे 'सापडली' म्हणून कर्मचाऱ्यांच्या हाती देऊन पाहिली. पैसे असलेली पाकिटे रिकाम्या पाकिटांपेक्षा जास्त परत आली. आणि पाकीट परत येईल असे जितक्यांना वाटते, त्याच्या सुमारे दुप्पट प्रमाणात ती खरोखर परत येतात असे २०२५च्या अहवालात मांडले आहे. आपण शेजाऱ्याला आहे त्याहून वाईट समजतो. पुष्कळदा विश्वास नव्याने निर्माण करावाच लागत नाही, असलेला डोळ्यांना दाखवावा लागतो.

आता तुमच्या पैशांचे. प्रायोजक आणून, स्टेज बांधून, ऑर्केस्ट्रा बोलावून लोकांना खुर्च्यांवर बसवायचे असेल तर त्यात निधीतला एक रुपया घालू नका. ज्या कार्यक्रमात प्रत्येकाच्या वाट्याला काम येते तो वेगळा. वास्कोचा सप्ताह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साथीच्या भीतीतून सुरू झाला असे सांगतात. जांबावलीच्या दामोदराला साकडे घातले आणि अखंड भजन आरंभले. सव्वाशे वर्षे तो चालू आहे, कारण चोवीस तास भजनाची पाळी कुणाची ते ठरलेले असते आणि पहाटे तीनची पाळी असलेला माणूस पहाटे तीनला येतो. मांडावर, म्हणजे वाड्याच्या ठरलेल्या अंगणात, धालो हा गाण्या-नाचाचा खेळ घालायला घराघरांतल्या बायका जमतात, तिथे कोण आली नाही हे लगेच कळते. तुमच्या गावात असे काही चालू असेल तर त्याला फार पैसे लागत नाहीत. पण देवस्थानच्या मानावरून त्यातून कुणी बाहेर ठेवलेले असेल, तर ते आधी बघा. मानपानाच्या वादातून उत्सव बंद पडलेली गावे गोव्यात आहेत, आणि तिथे पुराची समिती नेमणेसुद्धा जड जाते.

पावसाळ्याआधी ग्रामसभेत वाडावार यादी करा. एकटे वृद्ध, अंथरुणावरचे रुग्ण, गरोदर बायका, गुरे किती, आणि प्रत्येक घरावर नजर ठेवणारे दुसरे घर कुठले. हे दुसरे घर शक्यतो नात्यातले नको. मतदारयादीवरून यादी करू नका. भाड्याच्या खोल्यांतले कामगार तीत नसतात आणि सखल भागातल्या स्वस्त खोल्या त्यांच्याच असतात. त्यांच्यासाठी सूचना हिंदी आणि कन्नडमध्येही लावा, मुकादमाचा फोन घ्या, आणि समितीत त्यांच्यातला एक माणूस घ्या. दूध सोसायटी, रेशन दुकान, अंगणवाडी, पदेर यांना समितीत बोलवा, कारण आज कोण दिसले नाही हे पंचायत सेक्रेटरीच्या आधी त्यांना कळते. दोर, टॉर्च, लाइफ जॅकेट घ्याच, आणि ती पंचायतीच्या कुलपात न ठेवता वाड्यावर ठेवा.

तुमचा एखादा वाडा पाण्याने खरोखर तुटत असेल तर बोटही घ्या. ती कुठे राहील, इंजिन दर महिन्याला कोण चालू करून बघेल आणि डिझेलचा खर्च कोण देईल, हे घेण्याआधी ठरवा. आपदा मित्र या स्वयंसेवकांच्या सरकारी योजनेसारखे प्रशिक्षण मिळेल का, हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे विचारा. बोट चालवायला शिकणाऱ्यांत बायका असू द्या. दिवसा पाणी चढले तर वाड्यावर त्याच असतात. पुरुष कामाला पणजीत नाहीतर वेर्ण्याला गेलेले असतात.